प्रेसमडपासून सीबीजी : ५,००० टनी कारखान्याला ८ टनांचा प्रकल्प का झेपत नाही

गव्हाण_५०००

सध्या बऱ्याच साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांपुढे कॉम्प्रेस्ड बायोगॅसचा (सीबीजी, म्हणजे शुद्ध करून दाबाने भरलेला बायोगॅस) डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल आहे, आणि त्यातले गणित साधारण एकाच साच्याचे असते. ते उघड मांडतो, चिरफाड करा.

रोजचे गाळप ५,००० टन. डबल सल्फिटेशनच्या (गंधकाच्या वायूने रस स्वच्छ करणाऱ्या) कारखान्यात प्रेसमड, म्हणजे रस गाळल्यावर उरणारा गाळ, उसाच्या ३.५ ते ४ टक्के निघतो, म्हणजे दिवसाला २०० टनांपर्यंत. २५ टन प्रेसमडला १ टन सीबीजी धरले की ८ टनी प्रकल्प तयार. पुढे ३३० दिवस गुणिले ८ टन गुणिले दर, आणि शेवटच्या पानावर चार-पाच वर्षांत कर्जफेड.

यात २०० टन हा आकडा फक्त हंगामातला आहे. हंगाम १०० दिवसांचा धरला तर वर्षाचा प्रेसमड २०,००० टन. त्याचा गॅस ८०० टन. ३३० दिवसांवर वाटला तर रोजचे २.४ टन. म्हणजे ८ टनी यंत्रणा वर्षभर ३० टक्क्यांवर चालणार, आणि हप्ता मात्र शंभर टक्क्यांचा.

हंगाम १०० दिवस धरणेही आता धाडसाचे झाले आहे. राज्याचे साखर उत्पादन २०२३-२४ मध्ये ११० लाख टनांच्या आसपास होते, पुढच्याच वर्षी ते ८१ लाखांवर आले. ऊस कमी पडला की कारखाने लवकर बंद होतात, आणि प्रेसमडही त्याच मापाने घटतो.

हिशोबनीस

८ टनांचा आकडा येतो कुठून, तर अनुदानाच्या रचनेतून. नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या वेस्ट टू एनर्जी कार्यक्रमाच्या २०२५-२६ पर्यंतच्या टप्प्यात नव्या बायोसीएनजी (म्हणजेच सीबीजी) प्रकल्पाला दिवसाच्या ४,८०० किलो क्षमतेमागे ४ कोटी रुपये ठेवले होते, कमाल १० कोटी. ८ टनाला साधारण ६.६७ कोटी, २.४ टनाला २ कोटी. सल्लागार कोणता आकडा पुढे करणार हे सांगायला नको.

यावर "क्षमता चालवून दाखवावी लागते ना" हे उत्तर येते. लागते, आणि ८० टक्के गाठले नाहीत तर रक्कम त्या प्रमाणात कमी होते. पण ही चाचणी काही महिन्यांची. जानेवारी-फेब्रुवारीत गाळप भरात असताना ताजा प्रेसमड हवा तेवढा असतो, ८० टक्के सहज दिसतात. जूनमध्ये मीटर बघायला कोणी येत नाही. अनुदान क्षमतेवर न देता पहिल्या तीन वर्षांत विकलेल्या किलोवर दिले असते, तर हे डीपीआर आपोआप बारीक झाले असते.

धोरणाची दुसरी बाजूही सांगतो, कारण मागणीच्या बाजूने खरेच काम झाले आहे. 'सतत' ही केंद्राची सीबीजी खरेदीची योजना १ ऑक्टोबर २०१८ ला आली तेव्हा ५,००० प्रकल्पांचे लक्ष्य होते, २०२५ पर्यंत गाडी शे-दीडशेच्या घरातच होती. मात्र आता शहर गॅस कंपन्यांना सीबीजी मिसळणे बंधनकारक आहे: २०२५-२६ साठी १ टक्का, २०२६-२७ साठी ३, नंतर ४, आणि २०२८-२९ पासून ५ टक्के. २०२३ च्या अर्थसंकल्पात मिश्रित सीएनजीतल्या, जीएसटी भरलेल्या सीबीजीवरचे उत्पादन शुल्क माफ झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून बायोगॅस संयंत्रावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. तेव्हा गॅस विकला जाईल का, हा प्रश्न आता मागे पडला. गॅस ऑगस्टमध्ये निघेल का, हा खरा प्रश्न.

लॅबवाली

ऑगस्टमध्ये निघतो, पण किती ते साठवणीवर ठरते. डीपीआरमध्ये "यार्डात साठवणूक" अशी एक ओळ असते, आणि प्रकल्प तिथेच बसतो.

ताजा प्रेसमड ७० ते ७५ टक्के पाण्याचा. वाळलेल्या भागात जवळपास ७० टक्के सेंद्रिय. त्यात साखर, प्रथिने, मेण आणि बगॅसिलो (चिपाडाचा बारीक भुसा). उघड्या ढिगात हवा शिरली की साखर आधी जाते, ढीग दोन-तीन दिवसांत तापायला लागतो आणि ६० अंशांच्या वर पोचतो. वरून निघणारी वाफ म्हणजे तुमचा गॅसच उडून चाललाय. मेणामुळे उन्हाळ्यात ढीग आतून धुमसतात, पेटतातही. तीन-चार महिने उघड्यावर राहिलेल्या मालात गॅस देण्याची ताकद तिसऱ्या हिश्श्याने तरी घटते, निम्म्यानेही घटू शकते.

उपाय मुरघासाच्या पद्धतीचा:

- काँक्रीटचा तळ, एका बाजूला उतार, खाली नाली. निथळलेले पाणी टाकीत घेऊन डायजेस्टरला (माल कुजवून गॅस करणाऱ्या बंद टाकीला) द्यायचे, ते फार ताकदीचे असते. ओढ्यात गेले तर मासे मरतात आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस येते.
- माल फिल्टरवरून निघाला त्याच दिवशी रचायचा. आधी आठ दिवस मोकळा ठेवून मग झाकणे म्हणजे गरम ढिगावर पांघरूण.
- साधारण ३० सेंटिमीटरचा थर, त्यावर डोझर किंवा भरलेला ट्रॅक्टर फिरवून दाबणे, मग पुढचा थर. उंची ३ मीटरच्या आसपास.
- वर जाड एचडीपीई कागद, कडा मातीने दाबलेल्या, मध्ये जुने टायर. काढताना एका टोकाने उभा काप घ्यायचा, सगळा ढीग उघडायचा नाही.
- रोज ढिगात अर्धा मीटर आत तापमापी. ४५ अंशांच्या वर जायला लागले की कुठेतरी हवा शिरतेय.

जागेचा हिशोब: हंगामअखेर १४,००० टन शिल्लक धरले आणि दाबलेल्या मालाची घनता घनमीटरला ०.७ टन, तर २०,००० घनमीटर. ३ मीटर उंचीने ६,७०० चौरस मीटर, म्हणजे पावणेदोन एकरांच्या आत. रस्ते आणि वळायची जागा धरून सव्वादोन ते अडीच एकर काँक्रीट. हा खर्च डीपीआरमध्ये शोधून दाखवा.

बॉयलरकडचा

साठवणीचे मान्य, पण प्रेसमड एकटा कशाला? डिस्टिलरी असेल तर स्पेंटवॉश (तिचे सांडपाणी) आहेच. एका लिटर अल्कोहोलमागे ८ ते १२ लिटर निघतो, डिस्टिलरी हंगामानंतरही चालते. घनमीटरला ३० घनमीटर बायोगॅस आरामात. कोपरगावला ऑक्टोबर २०२५ मध्ये सहकारातला जो पहिला सीबीजी प्रकल्प सुरू झाला, तोही एकापेक्षा जास्त कच्च्या मालाचाच आहे, आणि शेजारी पोटॅशचा स्प्रे ड्रायर.

लॅबवाली

@बॉयलरकडचा दादा, स्प्रे ड्रायर शेजारी का आहे, तेच तर महत्त्वाचे.

आज बहुतेक डिस्टिलऱ्या शून्य निचऱ्यासाठी स्पेंटवॉश ५५-६० ब्रिक्सपर्यंत (विरघळलेले घन पदार्थ ५५-६० टक्के होईतो) आटवून इन्सिनरेशन बॉयलरमध्ये जाळतात. तो जळतो त्यातल्या सेंद्रिय द्रव्यामुळे. त्याचा आधी गॅस केला तर सेंद्रिय भाग डायजेस्टरमध्येच संपतो, आटवल्यावर उरते ती बहुतांशी क्षारांची राळ. ती बॉयलरमध्ये नीट जळत नाही, आधाराला कोळसा किंवा बगॅस जास्त लागतो आणि ट्यूबांवर पोटॅशचा थर चढतो. मग ती सुकवून पोटॅश खत करावे लागते. बॉयलर बसवून कर्ज फेडत असलेल्या कारखान्याने स्पेंटवॉश सीबीजीकडे वळवला, तर त्याचे वाफेचे गणित बिघडते. नवी डिस्टिलरी असेल तर गोष्ट वेगळी, तिथे सुरुवातीपासून गॅस आणि पोटॅश असा मार्ग आखता येतो.

दुसरे, गंधक. सल्फिटेशनच्या प्रेसमडच्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड २,००० ते ४,००० पीपीएम. स्पेंटवॉशचा मिसळला की तो १०,००० च्या वर जातो. एकट्या लोहभुकटीच्या टॉवरवर हे काढायला गेलात तर भुकटी महिन्याभरात संपते. त्या पातळीला चिलेटेड आयर्नचा स्क्रबरच (लोहाच्या द्रावणाने गॅस धुणारा टॉवर) हवा, लोहभुकटी शेवटच्या सफाईसाठी.

बॉयलरकडचा

बरोबर, बॉयलरचा मुद्दा मान्य. पण गंधकासाठी डायजेस्टरच्या डोक्यात थोडी हवा सोडली की निम्मे काम फुकटात होते. गॅस इंजिनवाले सगळे तेच करतात.

गॅसगाडी

इंजिनाला चालते, सीबीजीला नाही. ही चूक नव्या प्रकल्पांत वारंवार दिसते, म्हणून सविस्तर.

आयएस १६०८७ या बायोगॅसच्या भारतीय मानकाप्रमाणे मिथेन किमान ९० टक्के, कार्बन डायऑक्साइड कमाल ४, कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि ऑक्सिजन मिळून कमाल १०, ऑक्सिजन एकटा कमाल ०.५ टक्के, हायड्रोजन सल्फाइड धरून एकूण गंधक घनमीटरला कमाल २० मिलिग्रॅम.

समजा कच्च्या गॅसच्या ४ टक्के हवा सोडली. ऑक्सिजन जिवाणू खातात, पण ३.२ टक्के नायट्रोजन तसाच राहतो. पुढे कार्बन डायऑक्साइड काढला की गॅसचे आकारमान साठ टक्क्यांवर येते आणि तोच नायट्रोजन ५.३ टक्के होतो. त्यात ४ टक्के कार्बन डायऑक्साइड मिळवा, ९.३ झाले. मर्यादा १०. हवेचा पंप थोडा जास्त चालला किंवा गॅस होल्डरच्या पडद्यातून हवा ओढली गेली की गाडी परत. सर्वसाधारण पीएसए (दाब बदलून वायू वेगळे करणारी शुद्धीकरण यंत्रणा) नायट्रोजन वेगळा करत नाही, वॉटर स्क्रबिंग (गॅस पाण्याने धुणे) तर नाहीच. त्यामुळे गंधक डायजेस्टरमध्येच बांधायचा असेल तर हवा नको, फेरिक क्लोराईड किंवा फेरिक हायड्रॉक्साइड द्या.

वाहतुकीचे पण बघा. पाइपलाइन जवळ नसेल तर २५० बारला कॅस्केडमध्ये (सिलिंडरांच्या जोडलेल्या संचात) भरून न्यायचे. ७५ लिटरच्या ४० स्टील सिलिंडरांच्या कॅस्केडमध्ये म्हणजे ३,००० लिटर पाण्याच्या मापात जेमतेम साडेचारशे-पाचशे किलो बसतो. २ टनाला रोज चार-पाच खेपा. पंपावर दाब उतरताना शेवटचा गॅस पूर्ण रिकामा होत नाही, तो परत येतो, त्याचे पैसे मिळत नाहीत. पंप २५ किलोमीटरच्या पलीकडे असेल तर वाहतुकीचा खर्च कोणाच्या अंगावर, हे करारात आधी वाचा. आणि पेसोची (केंद्राची पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संस्था) परवानगी यंत्रे आल्यावर नाही, आराखडा गोठवायच्या आधी घ्या. सुरक्षित अंतरे बसली नाहीत म्हणून कॉम्प्रेसरचा पाया दुसरीकडे घालावा लागतो.

गव्हाण_५०००

आता ८ नाही तर किती, ते ठरवू. वर्षभर सपाट ६० टन प्रेसमड रोज घालायचा म्हटला तर:

वाळलेला भाग २७ टक्के, म्हणजे १६.२ टन. डायजेस्टरमध्ये १० टक्क्यांचे मिश्रण ठेवायचे तर रोज १६२ टन मिश्रण, त्यात १०० टनांच्या वर पाणी. ३५ दिवसांचा मुक्काम धरला तर ५,६०० घनमीटरची टाकी. सेंद्रिय भार (टाकीच्या घनमीटरमागे रोज पडणारा सेंद्रिय माल) २ किलो, म्हणजे निवांत. टनाला ९० घनमीटर बायोगॅस, त्यात ५७ टक्के मिथेन, तर सीबीजी २.१ टनांच्या आसपास.

पण सपाट चालवायचे कशाला? माल साठवून कमी होतो, तर हंगामात जास्त खपवा. त्याच टाकीत हंगामात ९० टन घाला, मिश्रण १२ टक्क्यांवर न्या. रोजचे २०० टन मिश्रण, मुक्काम २८ दिवस. भार ३ किलोच्या आसपास जातो, चालतो. १०० दिवसांत ९,००० टन ताजा संपला, उरलेला ११,००० टन २३० दिवसांना रोज ४८ टन. हंगामात ३.१ टनांच्या आसपास गॅस, नंतर साठवणुकीची घट धरून १.३ ते १.५ टन.

म्हणजे शुद्धीकरण साडेतीन टनांचे, पण एकाच यंत्रात नको. पीएसए निम्म्याच्या खाली नीट चालत नाही. पावणेदोन टनांच्या दोन जोड्या घ्या, कॉम्प्रेसरही दोन. हंगाम संपला की एक जोडी देखभालीला मोकळी.

लॅबवाली

१२ टक्क्यांचे मिश्रण कागदावर सोपे आहे. तीन गोष्टी आडव्या येतात.

वाळू. पावसात तोडलेला किंवा मशिनने तोडलेला ऊस माती घेऊन येतो, ती सगळी प्रेसमडमध्ये उतरते. मिसळटाकीनंतर गाळ बसायला जागा आणि हायड्रोसायक्लोन (गरगर फिरवून वाळू वेगळी करणारे यंत्र) नसेल तर दोन-तीन वर्षांत टाकीच्या तळाशी मीटरभर थर, तेवढे आकारमान गेले.

मेण आणि बगॅसिलो. दोन्ही वर येऊन साय धरतात. मिक्सर फक्त तळाजवळ असेल तर साय कडक होते आणि गॅस तिच्याखाली अडतो. वरच्या पातळीजवळ एक मिक्सर हवाच. बगॅसिलोचे दोर मिक्सरच्या पात्यांना गुंडाळतात, म्हणून भरणीच्या पंपाआधी चॉपर.

परतीचे पाणी. पचलेला माल स्क्रू प्रेसमध्ये दाबून निघालेले पाणी पुन्हा मिसळायला वापरणे बरोबर, पण ६०-७० टक्क्यांच्या वर नको. क्षार आणि अमोनिया साठत जातात, आणि दोन-तीन महिन्यांनी "अचानक" गॅस घटतो. त्याची चाहूल आधीच लागते, जर रोज एफओएस/टीएसी (टाकीतल्या आम्लांचे क्षारतेशी गुणोत्तर) काढले तर. त्याला दहा लाखांचे यंत्र लागत नाही:

गाळलेला नमुना २० मिली. ०.१ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल ब्युरेटमध्ये. पीएच ५.० पर्यंत लागलेले मिली म्हणजे अ. तिथून ४.४ पर्यंत आणखी लागलेले म्हणजे ब. टीएसी = अ × २५०. एफओएस = (ब × १.६६ − ०.१५) × ५००. समजा अ ३६ आणि ब ४ आले, तर टीएसी ९,०००, एफओएस ३,२४५, गुणोत्तर ०.३६. ही वरची कड आहे. ०.२ ते ०.३५ मध्ये राहायला हवे. ०.४ दिसले की भरणी वाढवणे थांबवा, ०.५ च्या वर गेले की भरणी निम्मी करा आणि खाली येईपर्यंत थांबा. चुना टाकून पीएच सावरायला जाऊ नका, तळाशी कॅल्शियमचा दगड होतो. पीएच सगळ्यात शेवटी पडतो, त्याच्यावर विसंबलात तर उशीर झालेला असतो.

काळी_माती

गॅसवाल्यांच्या गप्पांत खत नेहमी शेवटच्या स्लाइडवर. ६० टन घातल्यावर दाबून काढलेले घट्ट खत साधारण २० टन रोज निघणार, पातळ वेगळे. केंद्राने जून २०२३ मध्ये गोबरधन या बायोगॅस योजनेतल्या प्रकल्पांच्या सेंद्रिय खताला २०२५-२६ पर्यंत टनामागे १,५०० रुपये विपणन साहाय्य मंजूर केले. २० टनांवर दिवसाचे ३०,००० रुपये. गॅसचा दर किलोला ५४ रुपये धरला तर १.१३ लाख होतात, म्हणजे खताचे हे साहाय्य गॅसच्या उत्पन्नाच्या चौथाईहून जास्त आहे. पण ते मिळते खत विकल्यावर, खत नियंत्रण आदेशातल्या प्रतीत बसल्यावर. ओले, वास मारणारे, ७५ टक्के पाण्याचे खत कोणी उचलत नाही. वाळवायला शेड लागते, पावसाळ्यात तर लागतेच.

आणि एक गोष्ट डीपीआरमध्ये कधीच नसते. आज हाच प्रेसमड सभासद शेतात नेतो. क्षारपड आणि भारी जमिनीत त्याचा उपयोग लोकांना माहीत आहे. तो बंद करून त्याच सभासदाला पिशवीत भरलेले खत दराने विकायला गेलात, तर वार्षिक सभेत पहिला प्रश्न हाच येणार. करार असा करावा: जो सभासद जेवढा ऊस देतो त्या प्रमाणात पचलेले घट्ट खत वाहतूक खर्चात परत. पचताना मालातले नत्र, स्फुरद, पालाश कमी होत नाही, कर्ब घटतो. ते स्पष्ट सांगा, लपवू नका.

हिशोबनीस

@काळी_माती यांच्या मुद्द्याला जोडून. प्रेसमड कारखान्याचाच असला तरी हिशोबात त्याला भाव लावा. पूर्वी किलोला दहा पैसे होता, उत्तरेत सीबीजीवाले उतरल्यावर ४० ते ६० पैसे झाला. टनाला ५०० रुपये आणि किलो गॅसला २८ किलो प्रेसमड म्हणजे कच्चा मालच १४ रुपये. विजेचे किलोला १ ते १.५ युनिट, हंगामात ती सहवीजनिर्मितीतून स्वस्त, नंतर महावितरणच्या औद्योगिक दराने. माणसे, रसायने, वाहतूक याच्या वर. ५४ रुपयांत हे सगळे बसते, पण ३० टक्के क्षमतेच्या प्रकल्पाचे व्याज त्यात बसत नाही.

सहकारी कारखान्याच्या मंडळाने सल्लागाराला एवढेच विचारावे: गेल्या पाच हंगामांतले सर्वांत कमी गाळप घेऊन, जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांचे महिनावार पत्रक द्या. किती टन माल, किती महिने जुना, किती गॅस, किती वीज, किती हप्ता.

बॉयलरकडचा

एक शंका. साठवलेला माल ऑक्टोबरमध्ये संपला आणि कारखाना नोव्हेंबरमध्ये पेटला, तर मधले तीन-चार आठवडे डायजेस्टर उपाशी. पुन्हा शेणाने सुरू करायचे का?

लॅबवाली

नाही. जिवाणू महिनाभर उपाशी राहतात, मरत नाहीत. गरज नसताना टाकी रिकामी करू नका, तापमान ३० च्या खाली जाऊ देऊ नका, मिक्सर दिवसातून दोनदा पंधरा मिनिटे. जास्तीचा गॅस जाळून दाब आटोक्यात ठेवायला फ्लेअर (गॅस जाळायची मशाल) सुरू स्थितीत हवा.

नवा प्रेसमड आला की पहिल्या दिवशी ९० टन टाकायचा मोह होतो. घनमीटरला अर्धा किलो सेंद्रिय भारापासून सुरू करा, म्हणजे ५,६०० घनमीटरच्या टाकीला रोज १५ टन. दर तीन दिवसांनी एफओएस/टीएसी बघून १० टन वाढवा. या काळातला जास्तीचा ताजा माल रचून झाका, तो पुढे लागणारच आहे. निकेल आणि कोबाल्टचे सूक्ष्म प्रमाण याच काळात तपासून घ्या. एकट्या प्रेसमडवर चालणाऱ्या टाकीत ते कमी पडू शकतात, आणि मग भार २ किलोच्या वर गेला की आम्ले चढतात.

वाळू काढायला टाकी रिकामी करून उघडावीच लागली तर हाच महिना. मात्र माणूस आत उतरवण्याआधी सक्तीची हवा, चार वायूंचा मीटर आणि बाहेर दोरी धरून उभा असलेला दुसरा माणूस, यातले एकही नसेल तर वाळू राहू द्या.